नैराश्य ‘रक्तातच’ असते का?

नाशिकच्या कॉलेज रोडवर क्लास सुटल्यावर मैत्रिणींच्या घोळक्यापासून दूर, सायकलला टेकून एकटीच उभी राहणाऱ्या मुलीबद्दल ‘आईलाही हाच त्रास होता, रक्तातच आहे’ असे म्हणून नातेवाईक मोकळे होतात. हे फार तर अर्धसत्य आहे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतील नैराश्याच्या फरकापैकी सुमारे ३७ टक्के भाग आनुवंशिक असतो. एखाद्या मुलीच्या भवितव्याचे ते माप नव्हे. २००३ मध्ये नैराश्याशी संबंध जोडला गेल्याने गाजलेले सेरोटोनिन-वाहक जनुकही (सेरोटोनिन म्हणजे मेंदूतील एक संदेशवाहक रसायन) २०१९ च्या मोठ्या पडताळणीत टिकले नाही, कारण परिणाम असंख्य जनुकांचा असतो आणि प्रत्येकाचा अगदी किंचित. शिवाय जनुकीय कल मैत्रीतही उतरतो: चटकन दुखावणारे, अबोल मूल गटाबाहेर पडते आणि ते एकटेपण मूळच्या कलाला खतपाणी घालते. जिवाभावाची एखादी मैत्रीण मात्र हेच चक्र मंदावू शकते.