‘मला ठाऊकच होते’ आणि ‘निर्णयच चुकला’

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. असा महापूर ओसरला की पाठोपाठ दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘पूर येणार हे दिसतच होते’ हे पहिले, आणि ‘धरणाचे पाणी आधी सोडायला हवे होते, निर्णयच चुकला’ हे दुसरे. धरणाचे नियोजन बरोबर होते की नाही हा तांत्रिक वाद आहे आणि तो येथे सोडवायचा नाही. पण एका दमात बोलली जाणारी ही वाक्ये एकाच विचाराची वाटत असली, तरी मानसशास्त्र त्यांच्यामागे दोन निराळे दोष पाहते. पहिल्याला पश्चातदृष्टीचा भ्रम म्हणू आणि दुसऱ्याला निकालाचा पूर्वग्रह.

पहिल्या दोषाचा गाजलेला अभ्यास मानसशास्त्रज्ञ बरूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी निवडलेला प्रसंग आपल्याकडचाच होता: 1814 मधील इंग्रज आणि गुरखे यांचा संघर्ष. सहभागी लोकांना पार्श्वभूमी वाचायला दिली आणि चार संभाव्य शेवटांपैकी कोणता किती शक्य होता, हे विचारले. काही गटांना ‘प्रत्यक्षात असे घडले’ म्हणून एकेक शेवट सांगितला होता, आणि तो गटागटाला वेगळा होता. ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्या गटाला तोच अधिक संभवनीय वाटला. दुसऱ्या एका अभ्यासात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या 1972 च्या चीन आणि रशिया दौऱ्यांपूर्वी विद्यार्थ्यांकडून अंदाज घेऊन, नंतर ते आठवायला सांगण्यात आले. जे घडले असे विद्यार्थ्यांना वाटत होते, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असे त्यांना आठवू लागले. म्हणजे येथे माणूस खोटे बोलत नाही. निकाल कळताच त्याची आठवणच त्या बाजूला सरकते.

दुसरा दोष आठवणीचा नाही, पारख करण्याचा आहे. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी 1988 मध्ये हृदयशस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरचे प्रकरण लोकांपुढे ठेवले. शस्त्रक्रियेत रुग्ण दगावण्याची शक्यता शंभरात आठ, हे कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. बाकी सर्व माहिती तीच ठेवून एकदा रुग्ण वाचल्याचे आणि एकदा दगावल्याचे सांगितले, तर दगावल्यावर त्याच निर्णयाला कमी गुण मिळाले. शक्यता आधीच लिहून दिलेली असल्यामुळे ‘हे होणारच होते’ या भ्रमावर हा फरक ढकलता येत नाही. माझ्या मते दोन्ही दोष वेगळे का मानावेत, याचे सर्वांत पक्के कारण हेच आहे.

तासगाव-मिरज पट्ट्यातील द्राक्षबागायतदाराला ही दोन्ही वाक्ये पाठ असतील. आगाप, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर, छाटणी घेतली की माल बाजारात लवकर येतो आणि आवक कमी असल्याने दर चढा मिळतो. परंतु बाग फुलोऱ्यात असताना परतीच्या पावसाने गाठले, तर डावणी हा बुरशीचा रोग आणि घडकुज यांमुळे घड हातचे जातात. 2019 मध्येच ऑक्टोबरअखेरच्या पावसाने जिल्ह्यातील द्राक्षबागांना मोठा फटका दिला होता. समजा, एकाने कर्जाचा हप्ता सांभाळून बागेचा फक्त चौथा हिस्सा आगाप छाटला आणि तेवढा पावसात गेला. ‘पाऊस येणार हे कळतच होते’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला पश्चातदृष्टीचा भ्रम झालेला असतो. ‘हाव नडली’ म्हणणारा निकालावरून निर्णय तोलत असतो. दुसऱ्याने सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना सगळीच बाग आगाप छाटली आणि पाऊस फिरकलाच नाही, तर त्याला चर्चासत्रात मार्गदर्शक म्हणून बोलावतात. वाईट निर्णयाला चांगले फळ मिळाले की त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही, आणि मला हीच बाजू अधिक धोक्याची वाटते.

दोषांचे उपायही एक नाहीत. छाटणीच्या दिवशी ‘पावसाची शक्यता दहात तीन’ असे वहीत तारखेसह लिहून ठेवले, तर ‘मला ठाऊकच होते’ या वाक्याला पुढे जागा उरत नाही. निकालाचा पूर्वग्रह मात्र वहीने जात नाही, कारण बॅरन आणि हर्शी यांच्या प्रयोगात आकडा डोळ्यांसमोर असूनही तो टिकला. त्यासाठी पारख करणाऱ्यापासून निकालच दूर ठेवावा लागतो. एखाद्या पतसंस्थेला थकलेल्या कर्जाचा मंजुरी-निर्णय तपासायचा असेल, तर ती फाइल वेळेवर फिटलेल्या कर्जांच्या फाइलींत मिसळून, परतफेडीची पाने काढून, त्रयस्थाकडे द्यावी. त्यालाही ती मंजुरी बेजबाबदार वाटली, तरच मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारण्यात अर्थ आहे.

निकालाला काहीच किंमत नाही, असे मात्र नव्हे. एका हंगामाचा निकाल निर्णयाबद्दल फारसे सांगत नाही. परंतु शक्यता दहात तीन धरलेली असताना दहा हंगामांपैकी आठांत आगाप बाग पावसात सापडत असेल, तर तो नशिबाचा भाग म्हणून सोडून देता येत नाही. ते ‘तीन’च बदलावे लागतात.