जागल

जागल म्हणजे उभ्या पिकाची वन्यप्राण्यांपासून केलेली रात्रीची राखण. महाराष्ट्रात जंगलाला लागून जिथे जिथे शेती आहे तिथे ती आहेच. पण ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या चंद्रपूर जिल्ह्यातील गावांत ती हंगामाचा नित्यक्रम होऊन बसली आहे. प्रकल्पाचे एकूण क्षेत्र सुमारे 1,727 चौ. किमी. असून त्यातील 1,100 चौ. किमी. बफर, म्हणजे गाभा क्षेत्राभोवतीचा पट्टा, आहे. बफरमध्ये गावे आहेत, शेते आहेत आणि वाघही आहेत. वन्यजीव वाचवायचे तर त्याची किंमत कोणी, कशात आणि किती मोजायची, हा प्रश्न येथे धान्यात आणि झोपेत मोजला जातो.

धानाला लोंबी धरली किंवा हरभऱ्याला घाटे लागले की चार बल्ल्यांवर मचाण उभे राहते. खाली शेकोटी, हाताशी टॉर्च, पत्र्याचा डबा आणि काठी. अधूनमधून डबा वाजवायचा, हाळी द्यायची, पलीकडच्या शेतातून उत्तर आले की बरे वाटते. बांधावर जुन्या साड्या ताणतात, बुजगावणी उभी करतात, फटाके फोडतात, अलीकडे ध्वनिमुद्रित आवाजाचे भोंगेही लावतात. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांना यातले काहीही चार-आठ दिवसांत सवयीचे होते. माणूस जागा असणे एवढाच उपाय टिकतो. जागलीला गेलेला शेतकरी वाघाच्या किंवा बिबट्याच्या हल्ल्यात सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तरी जागल सुटत नाही.

नुकसान नेहमी डोळ्यांना दिसते असे नाही. डुकरांच्या कळपाने लोळवलेला धान दिसतो. पण पेरलेला हरभरा किंवा भुईमूग त्यांनी ओळीने उकरून खाल्ला, तर मागे राहते ती नुसती विरळ उगवण आणि दोष बियाण्यावर जातो. रोही तुरीचे शेंडे खुडते. झाड पुन्हा फुटते, हिरवेही दिसते, फक्त शेंगा कमी धरतात. भरपाई मात्र पंचनाम्यावर ठरते आणि पंचनाम्यात येते ते त्या दिवशी दिसणारे नुकसान. ताडोबाच्या पश्चिम सीमेवरील शेतांत अभिजित बायानी, मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने (प्रसिद्धी 2016) हेच मोजून दाखवले: नजरअंदाजाने धरलेले नुकसान प्रत्यक्ष उत्पन्नातील घटीपेक्षा बरेच कमी भरते. याच गटाने पर्यायी योजनेचे प्रारूपही मांडले. त्यात खाल्लेले पीक मोजण्याऐवजी उत्पन्नातील तूट धरायची, व्यवहार शेतकऱ्यांच्या गटाने चालवायचा आणि मेहनतीने शेजाऱ्यांपेक्षा जास्त पिकवणाऱ्याला तोटा होऊ द्यायचा नाही, अशी कल्पना आहे. पंचनाम्यासाठी खेटे घालणे ज्यांनी सोडून दिले आहे, त्यांच्या दृष्टीने यातला पहिला भाग महत्त्वाचा.

सर्वांत मोठे नुकसान कोणत्याच अर्जात बसत नाही. राखण झेपत नाही म्हणून जंगलकडेचा तुकडा पडीक पडतो, किंवा घरच्या ताटातले पीक बाजूला सारले जाते. विदर्भात ज्वारीचा पेरा घटण्यामागे बाजारभाव आणि मजुरी ही कारणे आहेतच. पण ‘पाखरे आणि जनावरे ठेवत नाहीत’ हे उत्तर गावोगाव मिळते. न पेरलेल्या ज्वारीचा पंचनामा होत नाही. भाकरीची जागा रेशनचा गहू-तांदूळ घेतो आणि कडबा गेल्याने बैलांचा चाराही आटतो.

कायद्याने शेतकऱ्याला अगदीच निःशस्त्र ठेवले आहे असे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 11 नुसार उभ्या पिकाला धोका ठरलेल्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी देता येते आणि कलम 62 खाली केंद्र सरकार एखादा प्राणी ठरावीक प्रदेशापुरता व काळापुरता उपद्रवी घोषित करू शकते. बिहारमध्ये असे घोषित झाल्यावर 2016 मध्ये मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या आणि त्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांतच जाहीर वाद झाला. केरळने 2022 मध्ये रानडुकरांबाबतचा परवानगीचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली नेला. परवानगीने मारलेला प्राणी मात्र कलम 39 प्रमाणे सरकारजमा होतो. पीक खाल्ले डुकराने, पण डुकराचे मांस जाते मातीत. पारधीची, म्हणजे शिकारीची, परंपरा असलेल्या समाजांना हे विचित्र वाटते. वनहक्क कायदा, 2006 ने गौण वनोपजावरचे हक्क मान्य केले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

वनोपजातही हाच पेच आहे. उन्हाळ्यात मोहफुले पहाटे गळतात आणि सकाळी लवकर वेचावी लागतात. वाकून फुले वेचणारी बाई आणि वाघाची फिरण्याची वेळ एकच. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि त्यातून कधी वणवा लागतो. तेंदूपानांसाठी झाडे छाटली, आगी लावल्या, तर टेंभुर्णीची (तेंदूची) फळे माणसालाही मिळत नाहीत आणि पाखरांनाही. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेने 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपान तोडणे बंद केले आणि मिळकतीसाठी बांबूवर भर दिला. रोख पैसा देणारा हंगाम सोडणे सोपे नव्हते. बांबूची विक्री ग्रामसभेच्या हाती आल्यामुळे ते परवडले.

शेतासाठी सध्या सर्वाधिक मागणी आहे ती सौर कुंपणाची, म्हणजे ‘झटका मशीन’ची. त्याचा धक्का क्षणिक असतो, प्राणी मरत नाही. याउलट थेट वीजवाहिनीवरून तारेत सोडलेला प्रवाह बेकायदा आणि जीवघेणा असतो. त्याला वाघ बळी पडतात, तशी माणसेही. 2015 पासूनच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वनालगतच्या गावांसाठी कुंपणाची तरतूद आहे. मशीन बसवून काम संपत नाही: गवत तारेला टेकले की झटका उतरतो, बॅटरी चोरीला जाते. आणि एकट्याने कुंपण घातले, तर कळप बांध ओलांडून शेजारच्या शेतात शिरतो. तिथे झटका मशीन नसते, तिथली जागल वाढते.