‘मुंगारु मळे’ : नायकाच्या माघारीची पार्श्वभूमी

एप्रिल २००६ मध्ये कन्नड महानायक राजकुमार गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबरला, ‘मुंगारु मळे’ (‘पावसाळ्याचा पहिला पाऊस’) हा कन्नड चित्रपट आला. दिग्दर्शक योगराज भट यांच्या नावावर ‘मणि’ आणि ‘रंगा एसएसएलसी’ एवढे दोनच चित्रपट होते. नायक गणेश टीव्हीवरच्या ‘कॉमेडी टाइम’ कार्यक्रमामुळे घरोघरी माहीत होता, पण त्याच्या नावावर तिकिटं खपतील असं कुणी म्हटलं नसतं.

गोष्ट थोडक्यात अशी. प्रीतमला बेंगळुरूमध्ये नंदिनी दिसते आणि तो तिच्यावर भाळतो. पुढे आईबरोबर मडिकेरीला एका लग्नघरी जातो, तर नवरी तीच. हळूहळू तिचंही मन त्याच्याकडे ओढलं जातं. पण तिचे वडील, हृदयविकाराने खंगलेले कर्नल सुब्बय्या, नेमकं त्याच्यापाशीच मन मोकळं करतात आणि प्रीतम माघार घेतो. त्याला कुणी अडवलेलं नसतं, धमकावलेलं नसतं. कन्नड पडद्यावर ही माघार नवी नव्हती, तिचं कारण मात्र नवं होतं.

सत्तरच्या दशकातला कन्नड कौटुंबिक चित्रपट बहुतांशी कादंबऱ्यांवर पोसला. दिग्दर्शक पुट्टण्णा कणगाल यांचा ‘गेज्जे पूजे’ (१९६९) एम. के. इंदिरा यांच्या कादंबरीवरचा, तर ‘शरपंजर’ (१९७१) त्रिवेणी यांच्या. पहिल्यात गणिकेच्या घरी वाढलेल्या चंद्राला चारचौघींसारखा संसार हवा असतो आणि तोच तिला मिळत नाही. दुसऱ्यात प्रेमविवाह करून आलेली कावेरी बाळंतपणानंतर मनाने खचते. उपचार घेऊन ती बरी होते, तरी घर तिला ‘वेडी’ म्हणूनच वागवतं. दोन्हीकडे अभिनेत्री कल्पनाच नायिका. पुट्टण्णांचा कॅमेरा प्रेम जमलं की नाही यापेक्षा ते घरात शिरल्यावर बाईचं काय होतं, याकडे वळलेला असे.

‘मुंगारु मळे’ला जास्त जवळचा आहे तो दोरै–भगवान जोडीचा ‘एरडु कनसु’ (१९७४), वाणी यांच्या कादंबरीवरचा. राजकुमारांचा रामचंद्र ललितावर प्रेम करतो, घराण्यांचं जुनं वैर आडवं येतं आणि त्याचं लग्न गौरीशी होतं. घरचा शब्द तो मोडत नाही, पण गौरीला मनाने स्वीकारतही नाही. अर्धा चित्रपट त्या अबोल्यावर उभा आहे. म्हणजे १९७४ मध्ये घर बाहेरून नकार देत होतं. २००६ मध्ये ते नायकावर विश्वास टाकतं, आणि त्यातून सुटणं त्याला अधिक अवघड जातं.

कर्नलची भूमिका अनंत नाग यांच्याकडे होती, हे मला फार मोलाचं वाटतं. मुंबईत कोकणी, मराठी आणि कन्नड नाटकांत काम करून ते सिनेमात आले. ‘बयलु दारि’सारख्या (१९७६) चित्रपटांनी त्यांना प्रेमपटांचा नायक केलं. त्या पिढीचा प्रेमिक इथे मुलीचा बाप होऊन बसलेला कन्नड प्रेक्षकाने पाहिला. त्यामुळे कर्नल खलनायक वाटूच शकत नाही.

मधल्या काळात रविचंद्रन यांच्या ‘प्रेमलोक’ने (१९८७) हंसलेखांच्या गाण्यांच्या जोरावर प्रेमकथा घरातून काढून कॉलेजात नेली. ‘ओम’नंतर (१९९५) गुन्हेगारी जगाच्या गोष्टींची चलती झाली आणि घर बरंचसं मागे पडलं.

‘मुंगारु मळे’त ते परत आलं ते गाण्यांतून. संगीतकार मनो मूर्ती अमेरिकेत राहणारे. ‘अनिसुतिदे याको इंदु’चे शब्द जयंत काय्किणींचे: गोकर्णचे कथाकार, बायोकेमिस्ट म्हणून बरीच वर्षं मुंबईत नोकरी केलेले. पुढे त्यांच्या मुंबईच्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला दक्षिण आशियाई साहित्यासाठीचा २०१८ चा डीएससी पुरस्कार मिळाला. बोलण्याच्या लयीतलं त्यांचं साधं कन्नड सोनू निगमच्या आवाजात लोकांच्या ओठी बसलं.

पाऊस पडद्यावर आणणं सोपं नसतं. थेंब दिसायला मागून उजेड आणि पाठीशी गडद रंग लागतो. समोरून दिवा टाकला तर मुसळधार पाऊसही कॅमेऱ्यात पुसला जातो. ढगाळ उजेडात सावल्या पडत नाहीत हा फायदा, पण उजेड सारखा कमी-जास्त होतो, भिंगावर वाफ धरते आणि एका शॉटमधला पाऊस पुढच्या शॉटपर्यंत टिकत नाही. चित्रपटात दिसणाऱ्या जोगच्या धबधब्यापाशी त्यात भर पडते. शरावतीचं पाणी वर लिंगनमक्की धरणात अडतं, त्यामुळे २५३ मीटरवरून कोसळणारे राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट हे चारही प्रवाह भरून वाहतात ते पावसाळ्यात, आणि तेव्हाच धुकं दरी झाकून टाकतं. छायालेखक एस. कृष्ण यांनी हा करडा उजेड टाळला नाही, त्यालाच चित्रपटाचा रंग केलं.

चित्रपट टिकला त्यात थिएटरच्या व्यवहाराचाही वाटा आहे. बेंगळुरूच्या मॅजेस्टिक भागातली मोठी एकपडदा थिएटरं आठवड्याच्या भाड्यावर चालत. गल्ला भाड्याखाली गेला की चित्रपट उतरे. मल्टिप्लेक्समध्ये पडदे लहान आणि उत्पन्नाची वाटणी टक्क्यांनी, म्हणून दिवसाला एखादा खेळही परवडतो. ‘मुंगारु मळे’ पीव्हीआरमध्ये वर्षाहून जास्त चालला आणि मल्टिप्लेक्सना कन्नड प्रेक्षकही येतो हे दिसलं.

२००८ मध्ये तेलुगूत ‘वाना’ आणि बंगालीत ‘प्रेमेर काहिनी’ आले. कन्नडमध्येही पाऊस, मलनाडचा डोंगराळ मुलूख आणि हरलेला प्रियकर यांची रांग लागली. त्यातले बरेच फसले, कारण त्यांनी पाऊस उचलला आणि लग्नघर सोडलं. नायकाने कुणाच्या भरवशाखातर मागे सरायचं, ते माणूसच नसेल तर त्याच्या रडण्याला आधार उरत नाही.

मूळ चित्रपटातही एक जागा रिकामी राहिली. निर्णय प्रीतम घेतो, कर्नलसाठी घेतो. नंदिनीला काय हवं हे कुणी विचारत नाही. पुट्टण्णांनी पस्तीस वर्षांपूर्वी तिथूनच सुरुवात केली असती. हेमंत राव यांच्या ‘सप्त सागरदाचे एल्लो’ने २०२३ मध्ये ती जागा थोडी भरली. सप्टेंबरमध्ये आलेल्या पहिल्या भागात मनू घरासाठी लागणाऱ्या पैशांच्या आशेने मालकाच्या मुलाचा गुन्हा अंगावर घेऊन तुरुंगात जातो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या भागात तो सुटून येतो तेव्हा प्रियाचं लग्न दुसऱ्याशी झालेलं असतं, आणि त्या संसाराची ओढाताण कॅमेरा तिच्या घरात जाऊन दाखवतो.