‘श्रीमयी’ आणि ‘आई कुठे काय करते’: गोष्ट एक, आया दोन

‘अनुपमा’ या हिंदी मालिकेने मराठी ‘आई कुठे काय करते’ची नक्कल केली की मराठीवाल्यांनी हिंदीवरून उचललं, हा वाद अजूनही अधूनमधून ऐकू येतो. खरं तर या दोघींचं माहेर एकच आहे आणि ते कोलकात्यात आहे. दोन्ही जिच्यावर बेतल्या ती ‘श्रीमयी’ ही बंगाली मालिका १० जून २०१९ला स्टार जलसा वाहिनीवर सुरू झाली आणि १९ डिसेंबर २०२१ला संपली. बंगाली प्रेक्षक अशा रोजच्या मालिकांना ‘मेगा’ म्हणतात. ही मेगा लिहिली लीना गंगोपाध्याय यांनी. बंगाली टीव्हीवरचं हे फार मोठं नाव. पश्चिम बंगालच्या महिला आयोगाच्या अध्यक्षपदीही त्यांनी काम केलं आहे.

वाद होण्याचं कारण तारखांमध्ये आहे. मराठी मालिका २३ डिसेंबर २०१९ला स्टार प्रवाहवर आली, म्हणजे ‘श्रीमयी’ला जेमतेम सहा महिने झाले होते. हिंदी ‘अनुपमा’ मार्च २०२० मध्ये यायची होती. टाळेबंदीत चित्रीकरण थांबलं आणि ती १३ जुलैला आली. म्हणजे सुरुवात मराठीची आधी. पण पुढे हिंदी कथानक भराभर धावलं. अनुपमाचं अनुजशी दुसरं लग्न २०२२ मध्ये लागलं, तर मराठीतली नायिका अरुंधती आणि आशुतोषचं २०२३ मध्ये. ज्यांनी हिंदीतलं लग्न आधी पाहिलं त्यांना मराठीतलं लग्न नक्कल वाटलं, आणि ज्यांनी अरुंधतीला पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं त्यांना अनुपमा. मराठी आणि हिंदी दोन्हींची निर्मिती राजन शाही यांच्या एकाच संस्थेची, आणि सगळ्या वाहिन्या स्टारच्याच. त्यामुळे ही उचलेगिरी नव्हती. गोष्ट घरातल्या घरात फिरत होती, हक्कांसकट.

आता श्रीमयी आणि अरुंधती यांना शेजारी ठेवून पाहू.

सांगाडा तोच आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, घरासाठी राबणारी बाई. तिला कमी लेखणारा नवरा, तिकडे अनिंद्य, इकडे अनिरुद्ध. नवऱ्याच्या ऑफिसातली दुसरी बाई, तिकडे जून, इकडे संजना. तीन मुलं, जंबो, डिंका आणि दिठी. मराठीत अभिषेक, यश आणि ईशा. मोठा मुलगा आईपासून दूर, मधला आईच्या बाजूने ठाम उभा आणि धाकटी मुलगी दोन्हीकडे ओढली जाणारी, ही मांडणीही तशीच आली. (मराठीत यशचं काम करणाऱ्या नटाचं नाव अभिषेक देशमुख आहे आणि मालिकेतल्या कुटुंबाचं आडनावही देशमुखच. अभिषेक देशमुख हे पात्र मात्र निरंजन कुलकर्णी यांनी केलं. नावांवरून शोधायला गेलं की इथे हमखास घोटाळा होतो.)

पहिला फरक मालिकेच्या नावात दिसतो. बंगाली मालिकेला बाईचं नाव आहे. मराठीने घराघरांत सहज बोललं जाणारं, त्या बाईला टोचणारं वाक्य घेतलं. त्यामुळे मराठी मालिका पहिल्या दिवसापासून अरुंधतीपेक्षा तिच्या घरच्यांना प्रश्न विचारत राहिली, आणि मला ती तिची सगळ्यात मोठी ताकद वाटते. ‘श्रीमयी’ बघताना नजर श्रीमयी झालेल्या इंद्राणी हालदार यांच्यावरून हलत नाही. त्या १९९७च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरलेल्या, मोठ्या पडद्यावरून आलेल्या. प्रसंग त्यांच्याभोवती बांधला जातो आणि त्या तो पेलतात. अरुंधती झालेल्या मधुराणी प्रभुलकर यांची वाट निराळी. गाणं आणि कवितावाचन हे त्यांचं मूळचं क्षेत्र, आणि मालिकेने त्याचा उपयोग करून घेतला. अरुंधती गाते, गाण्यामुळेच तिला घराबाहेरची ओळख मिळते. हिंदीत अनुपमा नाचते, तमिळ ‘बाक्यलक्ष्मी’त नायिका स्वयंपाकातून व्यवसाय उभा करते. प्रत्येक भाषेने बाईच्या हातात वेगळं काही दिलं, पण ते बहुतेकदा तिच्या घरकामाच्या किंवा राहून गेलेल्या हौसेच्या जवळचंच होतं.

दुसरा फरक सासू-सासऱ्यांचा, आणि मराठीने इथे बाजी मारली असं मी ठामपणे म्हणेन. किशोर महाबोले यांनी केलेले अप्पा आणि अर्चना पाटकर यांची कांचन ही दोन माणसं मराठी मालिकेचा कणा आहेत. मुलाचा घटस्फोट झाला म्हणून सून परकी होते का? अप्पांना ती कधीच परकी वाटत नाही. कांचन आधी मुलाची बाजू घेते, जुन्या समजुतींना चिकटते, अरुंधतीला बोलते, आणि तिच्यातला बदल फार हळू होतो, कधी मागेही जातो. आपल्या ओळखीच्या घरांत सासू बदलते ती अशीच. देशमुखांच्या ‘समृद्धी’ बंगल्याचा दिवाणखाना लोकांच्या डोक्यात बसला तो या म्हाताऱ्या जोडप्यामुळे.

तिसरा फरक दुसऱ्या बाईचा. उषसी चक्रवर्ती यांची जून बंगालमध्ये ‘जून आंटी’ म्हणून इतकी गाजली की तिच्यावरच्या मीम्सनी समाजमाध्यमं भरून गेली. ती कपटी, छानछोकीत राहणारी, प्रेक्षकांना रागवायला हक्काची. संजनाही सुरुवातीला तशीच होती. आधी दीपाली पानसरे आणि मग रूपाली भोसले यांनी ती केली. पण अनिरुद्धशी लग्न होऊन ती देशमुखांची सून झाली आणि तिच्या वाट्यालाही तोच अनिरुद्ध आला: तीच बेपर्वाई, तोच अहंकार. मिलिंद गवळी यांनी हा माणूस इतका खरा केला की राग येतो, पण तो खोटा वाटत नाही. संजनाचं लग्न पाहताना कळतं की अरुंधतीत काही कमी होतं म्हणून संसार मोडला, हे घरातल्यांचं म्हणणं मुळातच चुकीचं होतं. मला मराठी मालिकेतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

लांबीच्या बाबतीत मात्र बंगालीचं पारडं जड आहे. ‘श्रीमयी’ अडीच वर्षांत आवरली. टोटा रॉय चौधुरी यांचा रोहित सेन आला, श्रीमयीचं दुसरं लग्न झालं आणि पुढे मालिका थांबली. ‘आई कुठे काय करते’ ३० नोव्हेंबर २०२४पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं चालली. ओंकार गोवर्धन यांच्या आशुतोषला अपघातात मारून नायिकेला पुन्हा एकटं करणं मला पटलं नाही. जिच्या दुसऱ्या लग्नाला प्रेक्षकांनी इतकं मनापासून स्वीकारलं, तिच्यावर पुन्हा दुःख लादायची गरज नव्हती. शेवटच्या काळात मालिका संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी गेली आणि तिचा दमही कमी झाला.

मल्याळममध्ये ‘कुटुंबविळक्कु’, तेलुगूत ‘इंटिंटि गृहलक्ष्मी’ हीही याच गोष्टीची रूपं. आणि मूळ कोणाचं यावर पुन्हा वाद निघालाच, तर ‘गुम है किसी के प्यार में’ ही हिंदी मालिकाही लक्षात ठेवावी. नागपूरच्या चव्हाण कुटुंबाची म्हणून ती मराठीवरून घेतली असं कोणालाही वाटेल. ती आधारलेली आहे ‘कुसुम दोला’ या बंगाली मेगावर, आणि तिच्याही लेखिका लीना गंगोपाध्यायच.