शाळेत आले, पण वाचते का? बडोद्यातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, तेही अर्थ समजून, असे उद्दिष्ट जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेने ठरवले आहे. दुसरीसाठी ते ४५ ते ६० शब्दांचे आहे. रावपुरा-दांडिया बाजारातल्या मराठी पालकांना हे आकडे नवे वाटतील. पण मूल शाळेत येणे आणि ते वाचू लागणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे बडोद्याला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते.

तिसरे सयाजीराव १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलाला अक्षरओळखही नव्हती. मोठ्या वयात वाचायला शिकण्याचे कष्ट त्यांनी स्वतः सोसले होते. पुढच्या धोरणाशी याचा संबंध असणारच, असे मला वाटते. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानातही असा कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बडोद्याचाच दाखला दिला होता.

लवकरच एक अडचण पुढे आली. चार-पाच इयत्ता शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती घरी-गावी वाचायला काहीच नसेल, तर शिकलेली अक्षरे पुसली जातात. त्यावर उपाय म्हणून संस्थानभर ग्रंथालये उभारायला १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावण्यात आले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभे आहे. पण त्या चळवळीचा खरा जीव खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्यांत होता. मुलांसाठी ग्रंथालयात वेगळा विभाग होता. ‘श्री सयाजी बालज्ञानमाले’तून मराठी आणि गुजराती पुस्तके निघाली. शाळेमागोमाग पुस्तक गेलेच पाहिजे, हा विचार इतक्या नेटाने राबवणारी संस्थाने फार नव्हती.

स्वातंत्र्यानंतरची काही दशके शाळा बांधण्यात आणि पट भरण्यात गेली. मूल पटावर आले म्हणजे शिकले, असेच धरले जाई.

या समजाला धक्का बसला तोही बडोद्यातच. २००१ च्या सुमारास ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने इथल्या महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ कार्यक्रम चालवला. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५ ते २० मुले रोज दोन तास वेगळी घेऊन बसे आणि त्यांना जिथे अडते तिथून शिकवे. काही शाळांत ही बालसखी तिसरीला दिली, काहींत चौथीला, म्हणजे फरक मोजता यावा. मोजणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बालसखीकडे गेलेल्या मुलांचे गुण स्पष्ट वाढले. मुले कमी झाल्याने वर्गात उरलेल्यांना जास्त लक्ष मिळून त्यांचाही फायदा व्हायला हवा होता. तो मात्र दिसला नाही. म्हणजे प्रश्न निव्वळ वर्गातल्या गर्दीचा नव्हता, मूल जिथे आहे तिथून सुरुवात होत नव्हती. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: गणितातली वाढ भाषेपेक्षा मोठी होती.

भाषेला वेळ का लागतो? आपल्या लिपीत स्वर-व्यंजने आली तरी काम संपत नाही. बाराखडी, मग जोडाक्षरे. ‘प्र’, ‘र्प’ आणि ‘पृ’ यांत अडखळणाऱ्या मुलाचे सगळे लक्ष अक्षर ओळखण्यात जाते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. ओघाने वाचता येणे म्हणजे भरभर वाचणे नव्हे. अक्षरांवरचा भार हलका होऊन मन अर्थाकडे वळणे. बडोद्यातल्या मराठी मुलाला तर रस्त्यावरच्या पाट्यांवर गुजराती लिपीही भेटते. काही पालकांना याने गोंधळ होईलसे वाटते. पण मात्रा आणि बाराखडीची रचना दोन्ही लिपींत एकच असल्याने एक पक्की झाली की दुसरी लवकर येते.

मिनिटाचे शब्द मोजताना मात्र सावध राहायला हवे. ‘शाळेतल्यांनासुद्धा’ हाही एकच शब्द आणि ‘घर’ हाही. घड्याळाबरोबर उताऱ्यावरचे दोन साधे प्रश्न विचारले नाहीत, तर मूल न कळता घोकून वाचायला शिकेल.

बालसखी अभ्यासाचा एक भाग क्वचितच सांगितला जातो. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने पुन्हा तपासले, तेव्हा लाभ उरला होता, पण बराच ओसरला होता. १९१० नंतर याच शहरात पुस्तकांच्या पेट्या ज्या भीतीपोटी भरल्या गेल्या, ती हीच. आज शाळेचे पुस्तकांचे कपाट कुलपात राहिले, तर तिसरीतले ६० शब्दही असेच ओसरतील. म्हणून उद्दिष्टाच्या तक्त्यात मुलांनी महिन्याला किती पुस्तके घरी नेली, हा रकाना असायलाच हवा.