शरणपूर (नाशिक) : आफ्रिकन मुलांची वसाहत

नाशिकच्या जुन्या शहराच्या पश्चिमेस चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ख्रिस्ती वस्ती. ‘शरण’ आणि ‘पूर’ मिळून झालेल्या नावाचा अर्थ आश्रयाचे गाव. शरणपूर रोडमुळे हे नाव नाशिककरांच्या रोजच्या तोंडी आहे. पण गुलामगिरीतून सुटलेली पूर्व आफ्रिकेतील मुले इथे लहानाची मोठी झाली, ही आठवण शहरात फारशी उरलेली नाही. ती राहायला हवी होती.

सोसायटीचे काम नाशिकात १८३२ पासून चालू होते. वसाहतीची स्थापना विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास केली, असे सामान्यतः मानतात. आफ्रिकन मुलांचा आश्रमही तेव्हाचाच, असे काही लेखक धरतात. ही मुले आधी मुंबईत जर्मन मिशनरी सी. डब्ल्यू. इझेनबर्ग यांच्या देखरेखीखाली होती आणि १८६० च्या सुमारास शरणपूरला हलवली गेली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. सुटलेल्यांना एडन, सेशेल्स, मुंबई अशा बंदरांत उतरवले जाई आणि मुंबईत उतरलेल्या पोरक्या मुलांपैकी काही मिशनकडे सोपवली जात. यांत पूर्व आफ्रिकेतील याओ जमातीची मुले बरीच होती. शरणपुरात ती इंग्रजी लिहावाचायला शिकली. जोडीला सुतारकाम व लोहारकाम. आजूबाजूची बोली मराठी-हिंदुस्तानी. आईची भाषा मात्र बरोबरच्या याओ मुलांशी बोलण्यात टिकेल तेवढीच.

त्यांचे संगोपन कसे झाले, हे त्यांच्या नावांवरून कळते. सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, कॅरस फॅरार : यांतील तिन्ही आडनावे नाशिक-मुंबईच्या मिशनऱ्यांची आहेत. ज्यांचे घर आणि कूळ हरवले, त्यांना पालकाचे आडनाव मिळाले. यात माया होती आणि आधीचे नाव पुसणेही होते. दोन्ही लक्षात घ्यावे लागते. मॅथ्यू वेलिंग्टनचे मूळ नाव चेंग्विम्बे होते, ते टिकून राहिले; बहुतेकांचे टिकले नाही. मुलींचा उल्लेख बहुधा कोणाची तरी पत्नी म्हणूनच येतो.

‘नासिक बॉइज’ कोणाला म्हणावे, याबाबत गोंधळ आहे. आफ्रिकेचे स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी तिथल्या आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी १८६५ मध्ये शरणपूरचे नऊ तरुण निवडले. हे मूळचे नासिक बॉइज. जेकब वेनराइट व मॅथ्यू वेलिंग्टन हे १८७२ मध्ये पत्रकार-प्रवासी हेन्री स्टॅन्ली यांनी पाठवलेल्या मदतीच्या तुकडीतून जाऊन मिळाले, तेही शरणपूरचेच. परंतु लिव्हिंग्स्टन यांचा सोबती जेम्स चुमा यालाही सर्रास नाशिकचा म्हटले जाते, ते बरोबर नाही. लिव्हिंग्स्टन यांनी त्याला व वेकोतानी याला १८६४ मध्ये मुंबईत आणून डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले होते. दुसरा सोबती सुसी तर शरणपूरचा नव्हताच. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत नाशिकच्या तरुणांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. सुतारशाळेत वाढलेली पोरे जंगलातल्या पायपिटीला एकदम सरावणे कठीणच होते, हे ध्यानात ठेवून त्या वाचाव्यात.

१८७३ मध्ये आजच्या झांबियातील चितांबो येथे लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले. दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली, तीही त्यानेच. खोडाचा तो तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आहे. त्यावरील तारीख ४ मे आहे; मृत्यू मात्र सामान्यतः १ मेचा धरतात. सोबत्यांनी शव दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर पायी वाहून किनाऱ्यावर आणले. जेकब पुढे शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत होता. त्याची इंग्रजीतील रोजनिशी दीर्घकाळ केवळ जर्मन अनुवादातून माहीत होती.

शरणपूरच्या मुलांचे परतणे त्याआधीच सुरू झाले होते. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या राबाई मिशनमध्ये गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या मोहिमेनंतर झांझिबारच्या सुलतानाने १८७३ मध्ये गुलामांची सागरी वाहतूक बंद करण्याचा तह केला. त्यानंतर प्राइस स्वतः मोंबासास गेले आणि तिथे सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वसाहत वसली. शरणपूरची बरीच आफ्रिकन मंडळी तिकडे गेली आणि इथला आश्रम संपुष्टात आला. नाशकात ही मुले आफ्रिकन होती. आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणू लागले. गोऱ्या मिशनऱ्यांशी दर्जा व अधिकार यांवरून त्यांचे खटके उडाले. जोन्स पुढे पाद्री झाला. १८८५ मध्ये पूर्व आफ्रिकेचे बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेल्यावर मागे राहिलेला तांडा किनाऱ्याला परत आणणारा तोच.

लिव्हिंग्स्टन यांचे शव वाहून नेणाऱ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत शेवटपर्यंत हयात होता. तो १९३५ मध्ये मोंबासात वारला.