नगरसेवक वॉर्डातलाच पाहिजे? कुणी सांगितलं!

दरवेळी निवडणूक आली की सांगलीतल्या विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर हेच सुरू होतं, "अरे तो मिरजेचा हाय, आपल्या वॉर्डात कसा उभा राहतो, अर्ज बाद होणार बघ." नाही होत बाबांनो. महापालिका कायद्यात पात्रतेची अट एवढीच आहे की उमेदवार 21 वर्षांचा पाहिजे आणि त्याचं नाव त्याच महापालिकेच्या कुठल्यातरी प्रभागाच्या मतदार यादीत पाहिजे. आता आपली सांगली-मिरज-कुपवाड ही एकच महापालिका, 1998 पासून, त्यामुळे कुपवाडचा माणूस सांगलीतनं आरामात उभा राहू शकतो. फक्त सूचक आणि अनुमोदक (म्हणजे अर्जावर पाठिंब्याची सही करणारे मतदार) त्या प्रभागातले लागतात, म्हणून तर अर्जाच्या दिवसात यादीतल्या नावाखाली पेनानं रेघ मारलेले झेरॉक्स घेऊन पोरं पळत असतात.

हा गैरसमज मतदानामुळं झाला असणार, कारण मत आपल्याला आपल्याच प्रभागात देता येतं. गंमत म्हणजे बाहेरनं आलेल्या उमेदवाराला स्वतःलाच मत देता येत नाही!

आणि हे शेजारच्या वॉर्डात उड्या मारणं सगळं हौसेनं नसतं, आरक्षणाची सोडत निघते, जागा महिला नाहीतर ओबीसीला जाते, मग पाच वर्षं गटारी-लाइटी बघितलेला माणूस जाणार कुठं? कधी स्वतः सरकतो, कधी बायकोला उभी करतो (मग कारभार कोण बघतो ते सगळ्यांना माहितीय).

दहावी पासची अट म्हणतात तीपण नाही, नगरसेवकाला शिक्षणाची अटच नाही.